खडा लागलेलं जातं

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-21 या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. मी ते उडवायचो. तेव्हापासून घरी येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला विचारतं, "आत बसल्यावर केवढा आवाज येत असेल हो?" कुंपणाबाहेर उभं राहून ज्यांनी आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या शेपटाशी जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, ऐकलाय, त्यांना वाटतं की आत तर कान फाटत असतील. मी सांगायला लागतो आणि दरवेळी सांगता सांगता एकाच सॉर्टीपाशी, म्हणजे एका उड्डाणापाशी, येऊन अडतो. म्हणून आज ते लिहूनच काढतोय.

आधी आतलं सांगतो. इंजिन सुरू होण्याच्या आधीच विमान बोलायला लागतं. बॅटरीचा स्विच टाकला की इन्व्हर्टर आणि जायरो फिरू लागतात आणि एक बारीक 'सूंऽऽ' हळूहळू वर चढत जातो. तो रोजच्यासारखा चढला की मन निम्मं निर्धास्त होतं. मग आर-25 इंजिन पेटतं आणि तो सूर त्याखाली बुडतो. मिगला हवा नाकातून मिळते. ती दुभागते, कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी मागे जाते आणि इंजिनात शिरते. वैमानिक म्हणजे नदीच्या पात्रात मधोमध बसलेला धोंडा. तो प्रवाह कानांपेक्षा पाठीला आणि मांड्यांना जास्त कळतो. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, स्टिकवरची ब्रेकची मूठ दाबली की दाबलेली हवा 'फुस्स' करते. दिवसभरात तो आवाज इतक्यांदा येतो की रात्री झोपेतही ऐकू येतो. आफ्टरबर्नर पेटतो तेव्हा आत फक्त एक जाडसर 'धप्' होतं आणि पाठीत दणका बसतो. ध्वनीचा वेग ओलांडताना तर काहीच ऐकू येत नाही. खाली लोकांच्या खिडक्या हादरतात, आत उंचीमापकाचा काटा एकदा उडी मारतो, बस्स.

बाकी सगळं ऐकणं हेडफोनमधलं. कंट्रोलर, लीडर, स्वतःचा श्वास. के-13 क्षेपणास्त्राच्या शोधक डोळ्याला उष्णता सापडली की ते कानात गुरगुरतं, सूर्याकडे नाक वळलं तरी गुरगुरतं. कुणाचं रडार आपल्यावर पडलं की धोक्याची सूचना देणारं यंत्र टिवटिवतं. या सगळ्यातून कुठला आवाज कुठला, हे नवीन पोराला कळायला वर्ष जातं. त्यानंतर तो आवाज ऐकत नाही, त्यातला फरक तेवढा ऐकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळाचं नाव सांगत नाही. विमान टाइप 75, म्हणजे मिग-21 बिस, आमच्या ओझरच्या कारखान्यातलं. मी निफाडचा. लहानपणी द्राक्षाच्या बागेत उभं राहून हीच विमानं डोक्यावरून जाताना पाहिलेली, त्यामुळे ओझरचं विमान मिळालं की मला घरचं काही मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळी दोन विमानांचा सराव होता. पहिल्या घट्ट वळणात, चारेक जी, म्हणजे अंगावर वजनाच्या चौपट भार, आल्यावर, हेडफोनमध्ये एक घरघर सुरू झाली. वळण सोडलं, थांबली. पुन्हा वळलो, पुन्हा आली. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेतला तर सूर उतरला, पुढे केला तर चढला. म्हणजे रेडिओत बाहेरून येणारा खरखराट हा नव्हे, फिरणाऱ्या कशाशी तरी याचं नातं आहे, एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. मला कळलं होतं. रेडिओचा आवाज कमी करून पाहिला, तर घरघरही कमी झाली. याचा अर्थ ती इंजिनातून हाडांवाटे येत नव्हती, तारेतून येत होती. व्होल्टमीटर पाहिला. काटा 28 च्या जरा वर, ढिम्म. कुठलाही दिवा पेटलेला नव्हता. सराव पुरा केला, उतरलो, ड्रॅग-शूट, म्हणजे वेग मोडणारं शेपटाकडचं पॅराशूट, टाकला आणि परत आलो.

आता फॉर्म 700. विमानाची जन्मकुंडली, डॉक्टरी कागद आणि कबुलीजबाब असं सगळं मिळून हे पुस्तक. उतरल्यावर वैमानिकानं दोष लिहायचा, संबंधित विभागानं दुरुस्ती लिहून सही करायची. त्यात आकड्यांना जागा आहे. कानाला काय वाटलं, याला नाही. मी तोंडी दहा वाक्यं बोललो असतो. लिहिताना पुढच्या ब्रीफिंगची घाई होती, भाषा इंग्रजी होती, आणि मी दोन शब्द लिहिले : 'आर/टी नॉइझी'. रेडिओत खरखर.

त्या दोन शब्दांनी काम सरळ रेडिओवाल्यांकडे गेलं. त्यांनी सेट बदलला, हेल्मेटची वायर तपासली, ग्राउंड रन घेतला. खरखर नाही. येणार कशी? जमिनीवर विमान उभं असताना त्याला चार जी कोण देणार? 'दोष आढळला नाही' असं लिहून सही झाली. इंजिनवाल्यांना कुणी बोलावलं नाही, कारण मी इंजिन लिहिलं नव्हतं. इलेक्ट्रिकलवाल्यांना बोलावलं नाही, कारण मी वीज लिहिली नव्हती. प्रत्येक विभाग आपापल्या रकान्यापुरता प्रामाणिक होता. पण आवाज असा रकाने बघून येत नाही, आणि दोन रकान्यांच्या मध्ये जे पडतं ते कुणाचंच नसतं. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मी ते पान वाचलं आणि गप्प बसलो. तेच विमान त्या दिवशी मला मिळालं नाही म्हणून मला जरा बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी स्क्वाड्रनमधला सगळ्यात तरुण पायलट ते घेऊन गेला. परतताना ढगात शिरला आणि जनरेटरचा दिवा पेटला. डीसी जनरेटर गेला की सगळा भार दोन बॅटऱ्यांवर. चांदी-जस्ताच्या, उत्तम बॅटऱ्या, पण साठा मोजका. पोरानं नको ती सगळी उपकरणं बंद केली, रेडिओवर दोनच वाक्यं बोलला, ढगाखाली आला, धावपट्टी शोधली आणि उतरला. मी क्रू-रूममध्ये स्पीकरपाशी उभा होतो. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. मिगला 'उडती शवपेटी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो अशा पोरांसाठी. ती माणसं नुसती बसलेली नसतात, उडवत असतात.

आमचे इलेक्ट्रिकलचे सार्जंट कागलकडचे, माझ्याहून वयानं मोठे. माझ्या सॉर्टीच्या दिवशी ते रजेवर होते. परत आल्यावर जनरेटर त्यांनी स्वतः उघडला आणि मला बोलावलं. वर्तमानपत्रावर सगळं मांडून ठेवलं होतं. बेअरिंगचा पिंजरा तुटलेला, कार्बनचे ब्रश एका अंगानं खाल्लेले. वळणात भार आला की शाफ्ट किंचित हलायचा, ब्रश उडायचे, ठिणग्या पडायच्या आणि त्या ठिणग्या माझ्या कानात घरघरायच्या.

"सर, तुम्ही चार दिवसांपूर्वी हेच उडवलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "आवाज कसा होता? भुंग्यासारखा, का जात्यासारखा?"

मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. "भुंगा. पण वळणात खडा लागलेल्या जात्यासारखा."

"मग जनरेटरच की." ते सहज म्हणाले, जसं कुणी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. त्यात मला कसलाही टोमणा नव्हता. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं हात पुसले आणि बेअरिंगचे तुकडे एका डबीत भरले.

अख्ख्या विभागात कानानं निदान करणारा तो एकच माणूस होता, आणि त्याची बढती मात्र परीक्षेच्या गुणांवर अडलेली होती. त्यानंतर मी फॉर्म 700 मध्ये आवाज लिहायला लागलो. कधी येतो, किती जीवर, थ्रॉटलबरोबर चढतो का, रेडिओ बारीक केल्यावर उरतो का. एकदा शब्दच सापडेना तेव्हा इंग्रजी ओळीच्या शेवटी देवनागरीत 'घरघर' लिहिलं. इंजिनिअरिंग ऑफिसरनं त्यावर लाल रेघ मारली आणि मला बोलावून तो शब्द खोडायला लावला. मी खोडला.

तो तरुण पायलट पुढे एअरलाइनमध्ये गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो, त्या दिवसाची आठवण निघते आणि तो म्हणतो, "सर, काही सूचना न देता गेला बघा जनरेटर." मी हो म्हणतो.