पहाटेची चादर

इंदूरच्या आमच्या घरी उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत असत. संध्याकाळी आजी आम्हां मुलांकडून दोन-तीन बादल्या पाणी शिंपडून घेई, तापलेल्या फरशीतून वाफ निघे, मग सतरंज्या अंथरल्या जात आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एक सुती चादर घडी करून ठेवलेली असे. दुपारी पारा चाळिशीपार गेलेला असताना ही चादर म्हणजे थट्टाच वाटे. पण पहाटे तीनच्या सुमारास झोपेतच हात तिच्याकडे वळे. 'शब-ए-मालवा'चे, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचे, गोडवे गाणाऱ्यांना हीच घटका अभिप्रेत असावी.

झोपण्यापूर्वी आजी आकाशाकडे पाही आणि ढग दिसले की म्हणे, "आज उकडणार, चादर लागायची नाही." मला हे उफराटे वाटे, कारण ढग आले की गारवा येतो ही माझी दिवसाची समजूत होती. रात्रीचा व्यवहार निराळा असतो. दिवसभर सूर्याकडून घेतलेली उष्णता जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे परत धाडत असते आणि ढग त्यातला बराच भाग अडवून पुन्हा खाली पाठवतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीचे माळव्याचे पठार, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असले की ही परतफेड पुष्कळ मोकळेपणाने होते.

ढग नसले तरी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेच काम करत असतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत ते मोजून दाखवले. ही अडवणूक मुळात उपकारकच आहे, कारण तिच्यावाचून पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ च्या आसपास राहिले असते. मात्र उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर गेला आहे, आणि त्याबरोबर ही अडवणूकही वाढली आहे.

आमच्या गल्लीत मात्र अजूनही "हल्ली सूर्यच जास्त तापतो" असे ठामपणे सांगितले जाते. १९७८ पासून उपग्रह सूर्याचे तेज मोजत आहेत. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात ते जेमतेम एक दशांश टक्क्याने कमीजास्त होते, पण तापमानवाढीचे कारण ठरेल अशी चढती रेघ त्यात नाही. मला त्याहून पटणारा पुरावा आकाशात उंचावरचा आहे: सूर्य प्रखर झाला असता तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही तापला असता, तो उलट थंड होत आहे.

अर्थात माझ्या झोपमोडीचे सारे खापर कार्बनवर फोडणे अन्यायाचे होईल. शेजारी चार मजली इमारत उभी आहे, तिच्या एसींची गरम फुंकर थेट आमच्या गच्चीवर येते, आणि सिमेंट दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडत राहते.

गेल्या मे महिन्यात मी हट्टाने वर झोपलो. आकाशात ढग नव्हता. आजीच्या हिशेबाने चादर लागायलाच हवी होती. सकाळी ती पायथ्याशी होती तशीच, घडी न मोडलेली. पोहे आणायला उठलो, तेव्हा अनवाणी पायांना फरशी अजून कोमट लागत होती.