उणे, उणे, उणे

रॉकबॉक्स म्हणजे काय, हे मी हल्ली थोडक्यात सांगतो. गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरमध्ये कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअर बाजूला सारून त्याच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं, कुणालाही उघडून बदलता येणारं फर्मवेअर. २००१ च्या शेवटी स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरनी ते आर्कोसच्या ज्यूकबॉक्ससाठी लिहायला घेतलं, पुढे ते आयरिव्हर, आयपॉड, सॅनडिस्कचे सान्सा असं पसरत गेलं. त्यातली बहुतेक यंत्रं बाजारातून कधीच गेली, रॉकबॉक्सची ४.० आवृत्ती मात्र २०२५ मध्ये आली. एवढं सांगून होईपर्यंत समोरचा म्हणतो, "पण फोन आहे की!" आणि विषय संपतो. दिवसा मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करतो, तिथे निदान असं कुणी म्हणत नाही.

"फोन आहे की" म्हणणाऱ्यांनी गुरुजींचा अंगठा बघावा. गुरुजी म्हणजे माझ्या मित्राचे वडील. वाईजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मुलाने चांगला महागाचा फोन आणून दिला, त्यात बोलणारा पडदाही चालू करून दिला. गुरुजींनी तो कपाटात ठेवला. गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं हे बोटाला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सान्सा क्लिप प्लसला खरीखुरी बटणं आहेत. खालचं कुठलं, मधलं कुठलं, हे खिशात हात घालूनही कळतं. काडेपेटीहून जरासा मोठा, सदऱ्याला चिमट्याने लागणारा, मेमरी कार्ड घेणारा हा प्लेअर २००९ चा आहे. आता जुन्या बाजारात शोधावा लागतो, आणि विकणारा हमखास सांगतो, "नवीनच आहे, वापरलेलाच नाही."

यात रॉकबॉक्स घालताना मूळ फर्मवेअर पुसत नाहीत. त्याची फाइल दाबून लहान करतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपला बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर उघडायचं ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवतात. डावं बटण दाबून यंत्र सुरू केलं की कंपनीचं, नाहीतर आपलं. ही करामत ज्यांनी शोधून काढली त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. नोकरीत माझ्यासमोर चिपची कागदपत्रं हजार-हजार पानांची पडलेली असतात, तरी दोन टीम मिळून एक बटण चालवायला तिमाही घेतात.

आता बोलण्याचं. रॉकबॉक्समध्ये मेनूतला प्रत्येक शब्द बोलून दाखवायची सोय आहे. ती यंत्र स्वतः तयार करत नाही. संगणकावर प्रत्येक शब्दाची ध्वनिफीत आधी बनवायची, तिच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापायची, स्पीक्स नावाच्या, बोलणं दाबून लहान करणाऱ्या पद्धतीने दाबायची आणि सगळ्या क्लिप एका फाइलमध्ये भरायच्या. प्लेअर त्यातल्या हव्या त्या क्लिप एकामागोमाग वाजवतो. मी मराठी शब्दांची यादी केली, ई-स्पीक या मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडून बोलून घेतली (त्याला मराठी येतं, आवाज यंत्राचा असला तरी) आणि फाइल तयार झाली.

आकड्यांच्या बाबतीत मात्र हिशेब इंग्रजीचा आहे. शून्य ते एकोणीसच्या स्वतंत्र क्लिप, मग वीस, तीस, चाळीस अशा दशकांच्या, मग शंभर, हजार, दशलक्ष. एकोणसाठ म्हणायचं झालं तर कोड दहाने भागतो, पन्नासची क्लिप लावतो, बाकी उरलेल्या नऊची तिच्यामागे लावतो. म्हणजे मराठीत "पन्नास नऊ". एवढ्यावर भागत असेल तर भागू द्यावं, असं माझं मत होतं. आणि ते मत जुनं होतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं आणि महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, तेव्हा मी बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांच्या बाजूने चहाच्या टपरीवर भांडलो होतो. लिहिताना आधी दशक, म्हणताना आधी एकक, वर एकोणतीस-एकोणचाळीसचा उलटा जिना. पोरांना सोपं करत असतील तर बिघडलं कुठे?

गुरुजी दुसऱ्या बाजूचे होते. प्लेअर पहिल्यांदा मराठीत बोलला तेव्हा ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "हा पन्नास नऊ कोण? माझ्या वर्गात असं म्हणाला असता तर बाकावर उभा केला असता."

म्हणून मी आकडे नीट करायला बसलो. एकवीस ते नव्व्याण्णवमध्ये दशकं सोडली तर बहात्तर आकडे उरतात, तेवढ्या नव्या क्लिप. कोडमधला बदल लहानसा आहे. त्या भाषेच्या फाइलमध्ये ही क्लिप असेल तर ती वाजव, नसेल तर जुनीच जोडणी कर. क्लिप प्लसची मेमरी आठ मेगाबाइट, तिथे अडचण नाही; सान्साच्या पहिल्या क्लिप प्लेअरला दोनच मेगाबाइट, तिथे जपावं लागेल. लाख-कोटींना मी हात लावला नाही, गुरुजींच्या कार्डावर तेवढी नाट्यगीतं नाहीत.

खरा वेळ गेला तो शेपट्या कापण्यात. शांतता कापणाऱ्या प्रोग्रॅमला एक आकडा द्यावा लागतो: याहून बारीक आवाज म्हणजे शांतता समज. तो मागून पुढे बघत येतो आणि ठीकसा आवाज सापडला की थांबतो. आता "साठ" म्हणून बघा. "सा" झाल्यावर जीभ टाळूला लागते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग "ठ"चा बारीक फटका. प्रोग्रॅमच्या लेखी तो फटका म्हणजे खरखर. झालं, साठचा "सा" झाला. एकसष्ट ते अडुसष्ट सगळ्यांची शेपटी "ष्ट"वर संपते, तीही तशीच तुटली. सत्तर, ऐंशी, नव्वद मात्र धडधाकट. मी तो आकडा खाली आणला, प्रत्येक क्लिपच्या शेवटी जरा जागा ठेवली आणि बहात्तरच्या बहात्तर हेडफोनवर ऐकल्या. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्येही ऐकल्या. छान वाटत होत्या.

त्या रविवारी ते सगळं घेऊन वाईला गेलो. मावशींनी पोहे केले होते. गुरुजींनी प्लेअर हातात घेतला, ध्वनीच्या सेटिंगमध्ये गेले आणि आवाज वाढवायला बटण दाबू लागले. बाहेरच्या स्पीकरला जोडून मी ऐकत होतो. ऐकू काय आलं?

"उणे, उणे, उणे, उणे, उणे."

रॉकबॉक्समध्ये आवाजाची पातळी डेसिबलमध्ये असते. शून्याच्या खाली सगळं उणे. क्रम असा: उणे, मग आकडा, मग डेसिबल. माझ्यासारखा डोळस माणूस तपासताना बटण एकदा दाबतो, हात मागे घेतो, "उणे एकोणतीस डेसिबल" शेवटपर्यंत ऐकतो आणि पसंतीची मान हलवतो. गुरुजी एकही वाक्य संपू देत नाहीत. नवीन बटण दाबलं की चालू बोलणं तोडायचं, असंच कोडमध्ये आहे, आणि असायलाच हवं. आपण जशी पाटी वाचताना पहिली दोन अक्षरं बघून पुढे जातो, तसा त्यांचा अंगठा पहिला स्वर ऐकून पुढे जातो. पडद्याशिवाय वापरायच्या गोष्टी पडद्याकडे बघत तपासणाऱ्यांची आमची जमातच आहे. दोष काढायचा तर कुणाकुणाचा काढणार.

"हा उणे कशाला? आवाज कधी उणा असतो का?" गुरुजींनी विचारलं. मी डेसिबल समजावायला लागलो, त्यांनी हात वर करून थांबवलं.

लॅपटॉप बरोबर होताच. आवाजाच्या पातळीपुरता उणे काढून टाकला, शून्याच्या वर गेलं तरच "अधिक" म्हणायचं केलं, फर्मवेअर पुन्हा बांधून कार्डावर टाकलं. आता आलं: "एको, अठ्ठा, सत्ता, सव्वी, पंच, चो, ते." गुरुजी हसले. प्रत्येक पायरी वेगळी ऐकू येत होती! पहिल्या तुकड्यात एकक असतो, म्हणून. जुन्या जोडणीत हेच "वीस, वीस, वीस, वीस" झालं असतं, आणि कुठे आलो ते दहा पायऱ्या कळलं नसतं. मराठी आकड्यांचा उलटेपणा इथे कामाला येतो, हे टपरीवर भांडताना मला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त एकवीसचा "एक" आणि एकोणतीसचा "एको" फार जवळ पडतात. गुरुजींना तेवढा फरक पुरत होता, मला पुरत नव्हता.

मी जिंकल्यासारखा पोह्यांची दुसरी बशी घेतली. तेवढ्यात गुरुजी माहितीच्या पानावर गेले, तिथे बॅटरी बोलली. "एकोण" इथपर्यंत ऐकून त्यांनी बटण दाबलं. परत आले, परत "एकोण". मग थांबून पूर्ण ऐकलं: "एकोणसाठ टक्के." आणि म्हणाले, "हे नाही चालत. बॅटरीचा नऊ मला कशाला हवाय? पन्नास आहे की वीस, तेवढं आधी सांग."

"म्हणजे पन्नास नऊ?" मी विचारलं.

"बॅटरीला पन्नास नऊ. बाकी नाही."

मावशी आतून म्हणाल्या, "आणि पुस्तक आलं तेव्हा तालुक्याला निवेदन द्यायला कोण गेलं होतं?" गुरुजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक जागा घेऊन बसलो. गाणं किती उरलं? दशक आधी, कारण सात मिनिटं की सत्तावीस, हा फरक हवा. सेकंद ऐकायचेच नाहीत. यादीतलं कितवं गाणं? एकक आधी, कारण एकेक पुढे जायचं असतं. झोपेचा टायमर? तो पाच-पाच मिनिटांनी सरकतो, तिथे गुरुजींना "पस्तीस, पंचेचाळीस" कानाला बरं वाटतं, "तीस पाच" नाही, कारण विचारलं तर म्हणाले, "वाटतं." मी लिहून घेत होतो. गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्र ज्या दोन पक्षांत भांडला, ते दोन्ही एका माणसाच्या एका यंत्रात, कामाप्रमाणे वाटून बसले होते.

फोल्डरांची नावं देवनागरीत होती, तीही त्याच दिवशी समोर आली. ज्या नावाची क्लिप नसते ते नाव रॉकबॉक्स अक्षर-अक्षर वाचतं, पण ती अक्षरं रोमन. देवनागरी नावावर आल्यावर ते गप्प बसतं. गुरुजी इतके दिवस फोल्डर मोजून जात होते. त्यांनी ही तक्रार कधी केलीच नव्हती. यंत्राला मराठी वाचता येत नसणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. प्रत्येक फोल्डरसाठी नाव बोलणारी एक छोटी फाइल संगणकावर बनवून ठेवता येते, ती सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. तेवढं तिथेच करून दिलं आणि संध्याकाळची त्यांची सगळ्यात मोठी खुशी तीच होती. माझ्या बहात्तर क्लिप बाजूला राहिल्या.

हे सगळं आता माझ्याकडे कोडच्या रूपात आहे आणि मी ते मूळ प्रकल्पाला पाठवलेलं नाही. बहात्तर क्लिपांचा भाग स्वच्छ आहे, तो समजावता येईल; एकक आधी म्हणणाऱ्या जर्मनसारख्या भाषांनाही तो उपयोगी पडेल. "बॅटरीला दशक आधी, यादीला एकक आधी" हा भाग कसा समजावायचा? एक सेटिंग घालता येईल. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये निर्णय घ्यायचा नसला की सेटिंग घालतात, आणि रॉकबॉक्सचा मेनू आधीच डोळ्यांनी बघणाऱ्यालाही लांब वाटतो. ऐकत जाणाऱ्याला तर विचारायलाच नको. आणि गुरुजींचं पटलेलं दुसऱ्या अंध माणसाला पटेल याचा भरवसा काय? पुण्यात आणखी दोघांना हा प्लेअर देऊन बघतोय. एकीने पहिल्याच दिवशी आकडे इंग्रजीत करून मागितले.

दरम्यान गुरुजींचा फोन आला, कपाटातल्या फोनवरून नव्हे, घरच्या. घड्याळ "सहा तीस" सांगतं, साडेसहा का नाही? मी म्हटलं, बघतो. सव्वा, साडे, पावणे, आणि दीड-अडीच हे दोन अपवाद, अशा पाच क्लिप लागतील. पावणेला तास पुढचा घ्यायचा, बारा पंचेचाळीसला तेराऐवजी एकावर यायचं. आणि गुरुजी "पावणे" एवढंच ऐकून बटण दाबणार, मग किती वाजले ते कळणार कसं, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की पावणेला ते थांबतील.