उकरून बघायचं नाही

स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलवर, आइस्क्रीमचा एक रिकामा डबा ठेवलाय. बुडाला तापल्या सुईने पाडलेली भोकं, आत निम्मी माती, निम्मं कोकोपीट, वर मूठभर गांडूळखत. गोकर्णाच्या बिया पेरून आज पाचवा दिवस. सकाळपासून माझं बोट सारखं तिकडे वळतंय. फार नाही, नखाने जराशी माती सारून बघायची, बस.

ही खोड जुनी आहे. नवरात्रात आजी घट बसवायची. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, मूग पेरायचे आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. तिसऱ्या दिवशी कुणी नाही असं बघून मी मातीत बोट खुपसलंच. गव्हाचा एक दाणा वर आला. त्याला केसासारखी पांढरी मुळं फुटली होती, आणि काही केल्या तो परत जागेवर बसेना. आजी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तव्यावरची भाकरी सारखी उलथायची नसते, बयो. पेरलेलंही तसंच."

दसऱ्याला वीतभर वाढलेले पिवळे कोंब आजोबांच्या टोपीत खोचले गेले. ते पिवळे का, हे मात्र फार उशिरा कळलं. देवघर अंधारं, उजेड नसला की कोंब हिरवा रंग धरत नाही, सगळी ताकद लावून नुसता उंच पळतो. आमच्या फ्लॅटमधली रोपं तीच गत करून घेतात. लांबलचक, अशक्त, सगळी एकाच दिशेला झुकलेली, लोकलची वाट बघणाऱ्या लोकांसारखी. म्हणून रोज चहा टाकला की मी डबा अर्धा फिरवते.

कढीपत्त्याने मला चांगलंच शिकवलं. पाकिटातल्या बिया पेरून दीड महिना इमानेइतबारे पाणी घातलं. काही नाही. मग कळलं, की हे बी वाळलं की संपलंच. ते पाकिटात घालून विकणंच मुळात चूक. सोसायटीतल्या झाडाची काळी पिकलेली फळं बुलबुलांच्या आधी गाठली, गर चोळून काढला आणि त्याच दुपारी पेरली. विसाव्या दिवशी तीन कोंब. गोकर्णाचं नेमकं उलट. त्याचं बी कवचात कुलूप लावून बसतं. रात्रभर भिजत घालायचं; सकाळी जे टम्म फुगलं ते पेरायचं, जे तसंच टणक राहिलं ते पॉलिश पेपरवर जरा घासून पुन्हा पाण्यात.

लिंबाने तर चकवलंच. एकच बी टोचलं होतं, वर दोन रोपं आली. चुकून दोन पडल्या असतील म्हणून एक उपटायला गेले, तर दोघांची मुळं एकाच सालीतून निघालेली. कागदी लिंबाच्या एका बीत एकाहून जास्त अंकुर असतात म्हणे. आता दोन्ही एकाच कुंडीत आहेत, वेगळी करायचा धीर होत नाही.

जीव लावून मारलेलीही आहेत. मिरचीची सहा रोपं, दोन-दोन पानांवर आलेली. उन्हाळा म्हणून रात्री पुन्हा पाणी घातलं. सकाळी सहाच्या सहा आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकलेला देठ दोऱ्याएवढा बारीक होऊन काळवंडलेला. शेतकरी याला 'मर' म्हणतात. दोन अक्षरांत सगळं आलं.

उकरून बघण्याची ही हौस माझी एकटीची नाही, याचं मला बरं वाटतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने 1879 साली 20 बाटल्यांत बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. किती वर्षांनीही रुजतात, ते बघायला. आधी दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची असं ठरलं होतं, पुढे दहा वर्षांनी, आता वीस. ती जागा मोजक्या लोकांनाच ठाऊक असते. शेवटची बाटली काढली 2021 मध्ये, तीही पहाटेच्या अंधारात, बाकीच्यांना उजेड लागू नये म्हणून. त्यातल्या काही बिया 142 वर्षांनंतरही रुजल्या. पुढची बाटली 2040 च्या आसपास. एवढा अधिकार असून ही माणसं वीस-वीस वर्षं हात लावत नाहीत, आणि मला पाच दिवस निघत नाहीत.

नवरा मघाशी विचारत होता, दूध उतू गेलं तरी तू डब्याकडे काय बघतेस. कोपऱ्यात मातीचा एक खपला किंचित उचललेला दिसतोय. मुंगीने केलं असेल. किंवा नसेल. मी वाकून हळूच फुंकर मारली. फुंकर मारणं म्हणजे काही उकरणं नव्हे.