तक्रार करणाऱ्या नर्सच्या पाठीशी कायदा नेमका कधी उभा राहतो?

हॉस्पिटलमधल्या कुणी पेशंटच्या जिवाला धोका आहे म्हणून तक्रार केली तर त्याला कायद्याचं संरक्षण असतं म्हणे. असतं ना, पण बऱ्याचदा ते नोकरी गेल्यावर मिळतं!

टेक्सासमधली विंकलर काउंटीची केस बघा. अ‍ॅन मिचेल आणि विकिलिन गॅल, सरकारी हॉस्पिटलात वर्षानुवर्षं काम केलेल्या दोन नर्स. एका डॉक्टरची ट्रीटमेंट त्यांना धोकादायक वाटत होती, आत सांगून काही होईना, म्हणून 2009 मध्ये त्यांनी राज्याच्या मेडिकल बोर्डाला निनावी पत्र पाठवलं. डॉक्टरने गाठलं शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, जो त्याचा पेशंट पण आणि मित्र पण, मग शेरीफने बोर्डाकडून पत्राची कॉपी मिळवली, लिहिणारी कोण असेल याचा अंदाज बांधला आणि वॉरंट काढून कॉम्प्युटर तपासला तर त्यात पत्र सापडलं. दोघींची नोकरी गेली आणि वर फौजदारी केस, सरकारी माहितीचा गैरवापर केला म्हणून, म्हणजे ज्या बोर्डाचं कामच अशा तक्रारी बघायचं त्यालाच माहिती दिली हा गुन्हा! गॅलवरची केस मागे घेतली, मिचेलला ज्युरीने 2010 मध्ये तासाभराच्या आत सोडलं, पुढे साडेसात लाख डॉलरची तडजोड झाली, डॉक्टर आणि शेरीफ दोघंही नंतर दोषी ठरले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं.

ब्रिटनमध्ये यासाठी 1998 चा वेगळा कायदा आहे, कागदावर बराच चांगला. करारात गुप्ततेचं कलम घालून अशा तक्रारीचं तोंड बंद करता येत नाही, भरपाईला वरची मर्यादा नाही. नुसती नाराजी मात्र चालत नाही, ठोस माहिती लागते, म्हणजे 'वॉर्डात काही खरं नाही' असं नाही तर कुठल्या रात्री किती पेशंटमागे किती नर्स होत्या ते सांगायचं, आणि तोंडी सांगितलं तरी चालतं, पण लेखी असलेलं बरं.

गोची पुढे आहे. नोकरीचे वाद ऐकणारं ट्रिब्यूनल बघतं ते एवढंच की तक्रार करणाऱ्याला त्रास झाला तो तक्रारीमुळे का, वॉर्ड खरंच धोकादायक होता का याचा निकाल तिथे लागतच नाही. आणि हॉस्पिटलचं उत्तर ठरलेलं, तक्रारीचं काही नाही हो, याचं टीममध्ये कुणाशी पटत नाही. निकाल लागेपर्यंत पगार चालू राहावा असं वाटत असेल तर नोकरी गेल्यापासून 7 दिवसांत अर्ज टाकावा लागतो, आता त्या आठवड्यात माणूस वकील शोधेल का घर सांभाळेल?

माझं म्हणणं, पेशंटबद्दलची तक्रार बाहेरच्या कुणीतरी तपासून होईपर्यंत ती करणाऱ्याला काढायलाच बंदी घाला.