वारा फिरला

रविवार, रात्री

शेजारच्या आजोबांनी बर्फाचं फावडं परत बाहेर काढलंय. झालं एवढंच. तरी सकाळपासून मी धुसफुसतेय आणि घरातले माझ्या वाटेला जात नाहीयेत.

अमेरिकेतल्या लेक सुपीरिअर या तळ्याकाठच्या आमच्या डुलूथमध्ये वसंत २० मार्चला येतो तो फक्त कॅलेंडरात. एप्रिलभर रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेली वाळू असते, खड्डे असतात, आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात ढकललेला बर्फाचा काळा ढिगारा, त्यातून रोज काही ना काही वर येतं. परवा एक हातमोजा आला, एक कॉफीचा कप. त्यामुळे आमच्या गल्लीत खरी खूण एकच: आजोबांचं लाल पात्याचं फावडं व्हरांड्यातून गराजमध्ये गेलं की हिवाळा संपला. मागच्या आठवड्यात ते गेलं. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी पातं फडक्यानं पुसलं, मुठीवर हात फिरवला आणि आत नेलं. त्या भरवशावरच तर मी साबुदाणा भिजवला.

पापड्या घालायच्या असं मनात केव्हापासून होतं. यंदा आईनं वाळवण घातलंच नाही. फोनवर म्हणाली, "आता कोण चढणार गच्चीवर." त्यावर मी काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

काल सकाळी हवा इतकी सुरेख होती! पश्चिमेचा वारा, लखलखीत ऊन. डेकवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि पळीपळीनं पापड्या घातल्या. जिरं जास्त पडलं, असो. धाकटीला राखण करायला बसवलं, कारण इथल्या खारी आपल्याकडच्या कावळ्यांना लाजवतील. मग टेकडीवर किराणा आणायला गेले. वर लोक अर्ध्या चड्डीत, एक जण आइस्क्रीम खात चाललेला, गाडीच्या काट्यावर ७१. परत खाली उतरायला लागले तर अर्ध्या उतारावरच समोर धुकं. नुसती पांढरी भिंत. घरी पोचेपर्यंत काटा ४३ वर. फॅरनहाइट हं, म्हणजे आपल्या हिशेबात २२ वरून ६, आणि तेही दहा मिनिटांत. पापड्यांवर दव धरलं होतं. धाकटी ब्लँकेट गुंडाळून इमानेइतबारे राखण करत बसली होती. वाळल्या नाहीत पण खारीनं एकही नेली नाही, म्हणाली.

वारा पूर्वेकडून फिरला की असंच होतं. कारण मला ठाऊक आहे. शाळेत भूगोलात खाऱ्या वाऱ्यांची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेत मी. जमीन तापते, हवा वर जाते, पाण्यावरची गार हवा तिच्या जागी सरकते. लेक सुपीरिअरला मीठ तेवढं नाही, बाकी कारभार समुद्राचाच. याला तळं म्हणायचं तर ८२ हजार चौरस किलोमीटरचं तळं, महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा मोठं आणि सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. गोडं पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं. म्हणून वसंतात वरचा थर जरा कोमट झाला की जड होऊन खाली जातो आणि खालचं गार पाणी वर येतं. सगळं पाणी चार अंशावर येईपर्यंत वरचं पाणी तापायचं नावच घेत नाही. म्हणजे मे महिन्यात तिथून येणारा वारा हा फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा, आणि आमचं घर बरोबर दारात. टीव्हीवरचा हवामानवाला रोज तेच म्हणतो, "कूलर बाय द लेक", म्हणजे तळ्याकाठी गारवा, तेही हसून. तो स्वतः टेकडीवर राहत असणार.

पण कारण कळलं म्हणून राग जातो थोडाच? दिवसभर मी तेच उगाळतेय. फसवलं, फसवलं. कुणी पण? तळ्यानं कधी कबूल केलं होतं काही? आजोबांनी तर त्यांचंच फावडं त्यांच्याच गराजमध्ये ठेवलं होतं. उद्या रात्री दोन-तीन इंच बर्फाचा अंदाज आहे, म्हणून परत बाहेर काढलं. शहाणा माणूस दुसरं काय करील? तरी सकाळी त्यांनी फावडं भिंतीला टेकवून माझ्याकडे बघून हात केला, आणि मी चक्क पडदा ओढला.

तिकडे नाही का पावसाची वाट बघायचो? ७ जूनला मृग लागणार म्हणून छत्र्या दुरुस्त व्हायच्या, रेनकोटाला गेल्या वर्षीचा वास यायचा, आणि पाऊस उगवायचा आपल्या सवडीनं, कधी वीस तारखेला. वेधशाळेच्या नावानं यथेच्छ बोटं मोडायची. पण तेव्हा फसवल्यासारखं कधी वाटलं नाही. सगळ्यांचाच लांबायचा ना. आळीतली सगळी माणसं एकाच आभाळाकडे बघत एकदम करवादलेली असायची. इथे दहा मिनिटांवर लोक आइस्क्रीम खातायत. तिथे मेपलला लाल फुलोरा आलाय, खड्ड्यांतल्या पाण्यात बेडूक ओरडतायत, आणि मी इथे हीटर लावून ओल्या पापड्यांकडे बघतेय. म्हणजे हा मत्सर आहे का? थोडा आहेच. पण सगळा तो नाही. टेकडीवर घर घेऊ असं हा तेव्हा म्हणत होता आणि मीच म्हटलं होतं की पाणी दिसायला हवं... जाऊ दे.

संध्याकाळी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेले तर आजोबा तिथेच. टाळता येईना. मी म्हटलं, तुम्ही फावडं आत नेलंत म्हणून मी विश्वास ठेवला. ते मोठ्यांदा हसले. म्हणाले, "अगं पोरी, मी ते दर वर्षी आत नेतो. बायको त्याला अडखळते म्हणून." मग २०१३ चा एप्रिल सांगितला. त्या एका महिन्यात इथे ५०.८ इंच बर्फ पडला, म्हणजे सव्वाचार फूट, आणि तोही वसंतात! सांगताना चेहऱ्यावर असा अभिमान की जणू त्यांनीच पाडला होता. २०२२-२३ च्या हिवाळ्यातल्या १४० इंचांचा विषय मीच काढला. तो विक्रम माझ्याही डोळ्यांदेखत झालाय, माझंही काही आहे की नाही? त्यावर त्यांनी मान डोलावली, मला नुकतंच पंगतीत घेतल्यासारखी. धुक्यात कुठलं तरी जहाज भोंगा देत होतं. मी ओरडून बोलत होते आणि ते कानाला हात लावून ऐकत होते, आणि बोलणं काय, तर बर्फाचं. मेमध्ये!

बायको अडखळते म्हणून. आणि मी त्यावर पंचांग बांधून बसले होते.

घरात आले तेव्हा हसूही येत होतं आणि अजून थोडा रागही होता. टोमॅटोची रोपं खिडकीतच राहू देत, मेअखेरची मेमोरियल डेची सुट्टी झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नाही. जाड कोट खुंटीवरच बरा. आईला फोन करायचा राहिला. उद्या करीन. पापड्यांचं काय झालं हे ती पहिलं विचारणार, आणि मग तिच्या गुडघ्याचं मी विचारणार, आणि ती म्हणणार, बरंय.

पापड्या रात्री ओव्हनमध्ये सगळ्यात मंद आचेवर ठेवल्या, दार थोडं किलकिलं ठेवून. वरून वाळल्या, पोटात ओल्याच. चार तळून बघितल्या तर फुलायचं सोडून नुसत्या तडतडल्या आणि माझ्या मनगटावर तेल उडालं. धाकटीनं केचप लावून दोन खाल्ल्या. चव मस्त आहे म्हणाली, फक्त चावता येत नाहीत. उरलेल्या दोन बशीत घालून आजोबांकडे पाठवल्या आहेत. त्यांची कवळी आहे हे ती परत आल्यावर आठवलं.