बटाटा जिथून निघाला

सोमवार, सांतो दोमिंगो (कॅरिबियन बेटावरच्या डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी)

ऊन चढायच्या आत, सकाळी सातलाच बाहेर पडलो. ताईच्या गुडघ्यांमुळे सावकाश चालायचं होतं आणि ते बरंच झालं. ‘काये लास दामास’ हा रस्ता सावकाश चालण्यासारखाच आहे. अमेरिका खंडात युरोपीय लोकांनी फरसबंदी केलेला हा सर्वांत जुना रस्ता. कोलंबसाचा मुलगा दिएगो १५०९ मध्ये इथे गव्हर्नर म्हणून आला. त्याची बायको मारिया दे तोलेदो आणि तिच्याबरोबर आलेल्या बायका संध्याकाळी इथे फिरायला निघायच्या, म्हणून हा बायकांचा रस्ता.

भिंतीवर हात ठेवला तर दगड खरखरीत लागला. जवळ जाऊन बघितलं, तर त्यात पोवळ्याची जाळी, मधूनच शिंपल्याची वळलेली कड. समुद्राच्या तळाचाच दगड हा. १५४१ मध्ये बांधून झालेलं कॅथेड्रलही याच दगडाचं. अमेरिकेतलं हे पहिलं. आत इतका गारवा होता की ताई म्हणाली, “थोडं बसू या गं,” आणि आम्ही अर्धा तास काही न बोलता बसून राहिलो.

बाहेर चौकात कोलंबसाचा पुतळा. तो उंचावर उभा, बोट लांब कुठेतरी रोखलेलं. पायथ्याशी एक तायनो बाई, वर चढत त्याचं नाव कोरणारी. तायनो म्हणजे या बेटावरचे मूळचे लोक. ती म्हणजे अनाकाओना असं सांगतात. अनाकाओना या बेटावरची राणी होती, गाणी रचायची. गव्हर्नर ओवांदोने तिला फाशी दिलं. आणि त्याच ओवांदोचा पुतळा इथून थोड्या अंतरावर, प्लासा दे एस्पान्यामध्ये ऐटीत उभा आहे. मला ते पाहवलं नाही.

संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर एक वेगळा पुतळा पाहिला आणि जीव थोडा शांत झाला. फादर मोंतेसिनोस. तोंडाशी हात धरून समुद्राकडे बघत ओरडतोय. २१ डिसेंबर १५११ ला, नाताळच्या आधीच्या रविवारी, याच शहरात त्याने मळेवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून तायनोंबद्दल विचारलं होतं : ही माणसं नाहीत का? समोर खुद्द दिएगो कोलंबस बसला होता. त्या वेळी असं बोलायला केवढी छाती लागली असेल! ऐकणारे भडकले, राजाकडे तक्रारी गेल्या. खाणी आणि मळे चालूच राहिले. मग १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली आणि उरलेसुरले तायनोही पटापट मेले.

मंगळवार

आज बाजारात गेलो. एका टोपलीत तांबूस सालीची रताळी दिसली. परवा संकष्टी, म्हणून मी बोटाने दाखवून विचारलं, हे काय? भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “बताता, मी आमोर.” मी आमोर म्हणजे ‘माझ्या लाडके’.

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. परत विचारलं. त्यांनी एक रताळं उचलून माझ्या हातात दिलं आणि सावकाश म्हटलं, “ब-ता-ता.”

हा शब्द तायनोंचा आहे. ते रताळ्याला बताता म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, पोर्तुगीजांनी पुढे नेला, कुणीतरी तो दुसऱ्याच कंदाला चिकटवला आणि तो आमच्या किनाऱ्यावर उतरला. ‘त’चा ‘ट’ झाला, एवढंच. रत्नागिरीला आमची आजी चुलीपुढे बसून “दोन बटाटे घाल गं जास्त” म्हणायची, तेव्हा ती या बेटावरचा शब्द बोलत होती. हिंदीवाले आलू म्हणतात. आपण मराठी माणसं बटाटाच म्हणतो.

ते रताळं हातात धरून मी बराच वेळ उभी होते. मावशींना वाटलं, भाव पटला नाही. त्यांनी आणखी एक घातलं.

बुधवार, लास तेरेनास

बसने अडीच-तीन तासांत उत्तर किनाऱ्यावर. डोंगर उतरताना माडांची बनं दिसायला लागली आणि ताई खिडकीला चिकटली. गाव कोळ्यांचं, पण बरीच वर्षं फ्रेंच आणि इटालियन लोक इथे येऊन राहिलेत. बेकरीत पाव उत्तम मिळतो.

पुळण आपल्यापेक्षा फिकट आणि मऊ. नवल वाटलं ते भरती-ओहोटीचं. इथे पाणी फारसं मागे-पुढे होतच नाही, त्यामुळे माड थेट लाटांवर ओणवलेले. कोकणात ओहोटीला उघडी पडणारी ती लांबच लांब ओली वाळू, खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी, ती इथे नाही. मला तिची आठवण आली. पण माड मात्र आपलेच. अटलांटिककडचा नारळ मुळात हिंदी महासागरातल्या वाणाचा, जहाजांतून इकडे आला. रात्री नारळाच्या रसातला मासा खाल्ला. लसूण, टोमॅटो, कोथिंबीर. कोकम तेवढं हवं होतं.

गुरुवार, संकष्टी

उपवास. मुक्काम आहे त्या घरच्या काकूंना खुणांनी समजावलं की चंद्र दिसेपर्यंत फक्त कंदमुळं आणि फळं. त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. पपई कापून दिली आणि रात्रीसाठी कासाबे आणून ठेवते म्हणाल्या.

कासाबे म्हणजे युका या कंदाची, म्हणजे कसाव्याची, भाकरी. कंद किसायचा, पिळून रस काढून टाकायचा (कडू जातीचा रस विषारी असतो), उरलेला चोथा वाळवून, चाळून तव्यावर थापायचा. हेही तायनोंचंच. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. आणि हाच कंद पोर्तुगीजांबरोबर भारतात आला. सेलमच्या कारखान्यांत त्याचा साबुदाणा होतो आणि आपण तो रात्री भिजत घालतो.

दिवसभर मी उपवासाचं ताट मनात मांडत होते. साबुदाणा, बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा. सगळं अमेरिका खंडातलं. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटात या लोकांनी पिकवलेलं अन्न आहे आणि त्यांचं नाव आपल्याला शाळेतही कुणी सांगितलं नाही. तायनो मातीचे उंच ढीग करून त्यांवर कंद लावायचे. त्या शेताला कोनुको म्हणतात आणि इथले शेतकरी तो शब्द अजून वापरतात. इथल्या लोकांच्या रक्तातही त्यांचा अंश आहे. काकूंना विचारलं, तर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सी, क्लारो.” हो, अर्थातच.

साडेनऊच्या सुमारास उजव्या हाताला माडांच्या शेंड्यांमागून चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. ताईने हात जोडले. मी वाळूतच पानावर मंगळवारचं भाजलेलं रताळं आणि कासाबेचा चतकोर ठेवला, नैवेद्य दाखवला. कासाबे मोडताना पापडासारखी कट्कन आवाज करते. चव जवळजवळ नाहीच, थोडी करपल्याची. रताळं मात्र गोड, अगदी आजीच्या चुलीत भाजलेल्यासारखं. काकूही येऊन शेजारी बसल्या. मी अर्धं रताळं त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “बताता.”

त्यांनी सालासकट खाल्लं.