एनआयसीयूतला क्लेब्सिएला

आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राउंडला पुन्हा एका बाळाच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, क्लेब्सिएला हा जंतू, मेरोपेनेमसारख्या जोरदार अँटिबायोटिकलाही दाद न देणारा. बाळापर्यंत तो बहुतेकदा आपल्याच हातांनी पोचतो. हँडरब (हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद चोळायचा, अंगठे आणि बोटांची टोकं सोडायची नाहीत. अंगठी, घड्याळ, लांब बाह्या नकोतच.

सलाईनची एकच बाटली चार बाळांना वापरणं मला सर्वांत घातक वाटतं. एकदा जंतू आत शिरला, की प्रत्येक सिरिंजबरोबर थेट रक्तात! बेसिनशेजारी औषधं भरू नका, शिंतोड्यांतूनही जंतू येतात.

अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी किमान १ मिली रक्त कल्चरला पाठवा. ४८ तासांनी कल्चर निगेटिव्ह आणि बाळ ठीक असेल, तर औषध थांबवा. उगाच चालू ठेवलं, तर आतड्यातले साधे जंतू मरतात आणि नेमके हे औषधाला दाद न देणारेच उरतात.